जेरुसलेमच्या राज्यातले जमिनीचे तंटे आणि धर्मपीठाचे निवाडे

पश्चिम युरोपातून आलेल्या क्रुसेडच्या सैन्याने 15 जुलै 1099 रोजी जेरुसलेम जिंकले. त्याच वर्षी डिसेंबरात पिसाचा आर्चबिशप दाइम्बर्ट तिथला लॅटिन पॅट्रिआर्क (सर्वोच्च धर्माधिकारी) झाला आणि त्याने शहरावरच हक्क सांगितला. राज्याची सूत्रे गोडफ्रीच्या हाती होती. त्याने 2 फेब्रुवारी 1100 रोजी जाफा बंदराचा चौथा हिस्सा पॅट्रिआर्कच्या नावे केला आणि त्या वर्षीच्या ईस्टरला जेरुसलेम शहर व डेव्हिडचा बुरूजही लिहून दिला. अट एवढीच होती की आणखी एक-दोन शहरे हाती येईपर्यंत उपभोग गोडफ्रीकडे राहील. जुलैत गोडफ्री वारला. त्याचा भाऊ बॉल्डविन एडेसाहून आला आणि नाताळच्या दिवशी बेथलेहेममध्ये राजा झाला. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो दाइम्बर्टनेच. दोन वर्षांत दाइम्बर्ट पदच्युत झाला आणि शहर राजाकडे राहिले. दावा मात्र संपला नाही. 1128 मध्ये पॅट्रिआर्क झालेल्या स्टीफनने तो पुन्हा उकरून काढला. जाफा आत्ताच द्या आणि अस्कलोन पडल्यावर जेरुसलेमही द्या, असे त्याने बॉल्डविन दुसऱ्याला बजावले. 1130 मध्ये स्टीफनच वारला म्हणून ते प्रकरण तिथेच थांबले.

एडेसा, अँटिओक, त्रिपोली आणि जेरुसलेम या चार क्रुसेडर राज्यांचा इतिहास आपण लढायांचा इतिहास म्हणून वाचतो. सलादिन, सिंहहृदयी रिचर्ड, हत्तीनची लढाई ही नावे ओळखीची आहेत. पण 1099 ते 1291 या जवळजवळ दोनशे वर्षांतून आपल्यापर्यंत पोचलेल्या मूळ कागदांत बहुसंख्य कागद मिळकतीचे आहेत: दानपत्रे, अदलाबदलीचे करार, दशांशाचे तंटे, पोपची संरक्षणपत्रे. या तंट्यांत चर्चच्या निवाड्यांना प्रत्यक्षात किती वजन होते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगतो. या राज्यांत चर्च हे तटस्थ न्यायासन क्वचितच होते, ते स्वतः सर्वांत मोठ्या पक्षकारांपैकी एक होते. त्यामुळे त्याचे निवाडे बहुतेक वेळा ताबा असलेल्याशी केलेल्या तडजोडीवर येऊन थांबले. तरीही त्या कागदांचे मोल मोठे होते, कारण हातात तलवार नसलेल्याचा हक्क ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवत.

कोणता दावा कुठे चालायचा हे आधी पाहू. सरदारांच्या जहागिरींचे वाद राजाच्या उच्च दरबारात जात, शहरी रहिवाशांच्या घरादारांचे वाद नागरी न्यायालयात. पुरोहितांवरचे खटले, लग्न आणि पाखंड या बाबी धर्मपीठाकडे होत्या. लग्न त्याच्याकडे म्हटले की औरसपणा आला आणि औरसपणाबरोबर वारसा आला. एखादा विवाह रद्द ठरला तर जहागीर कोणाकडे जाईल हेही त्यातून ठरे. याउलट, नगरवासीयांची मिळकत चर्चच्या किंवा लढाऊ भिक्षूंच्या लष्करी संघांच्या घशात जाऊ नये म्हणून राज्याच्या कायद्यात निर्बंध होते. त्यामागचे कारण व्यवहारी होते. जमीन चर्चकडे गेली की तिच्यावरची सेवा आणि कर निसटण्याची भीती असे. तेराव्या शतकातला कायदेपंडित इबेलिनचा जॉन याने राज्याच्या लष्करी सेवेची यादी दिली आहे. तीत पॅट्रिआर्कने 500 शिपाई द्यायचे, पवित्र समाधीच्या चर्चच्या पुरोहितमंडळानेही 500 द्यायचे, असे आकडे आहेत. म्हणजे चर्चची जमीन हा राज्याच्या संरक्षणाचाही प्रश्न होता.

आणखी एक नियम या साऱ्या तंट्यांच्या मुळाशी आहे. सुरुवातीच्या धोक्याच्या वर्षांत काही जण आपली मिळकत सोडून निघून जात आणि जरा शांतता झाली की परतून हक्क सांगत. मागे राहून ज्यांनी जमीन राखली त्यांच्यासाठी कायदा झाला: वर्ष आणि एक दिवस निर्वेध वहिवाट असेल तर मिळकत त्याचीच. बाराव्या शतकातला इतिवृत्तकार टायरचा विल्यम या कायद्याचे मूळ गोडफ्रीच्याच काळात सांगतो. कागदापेक्षा ताबा वरचढ, ही या राज्याची पहिली शिकवण होती. चर्चची सगळी भिस्त मात्र कागदावर आणि जुन्या परंपरेवर होती.

दशांशाचा प्रश्न यातूनच चिघळला. युरोपात शेतकरी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा गावच्या चर्चला देई. पूर्वेत बहुसंख्य शेतकरी मुसलमान किंवा पौर्वात्य ख्रिस्ती, लॅटिन चर्चचे अनुयायी नव्हेत. त्यामुळे दशांशाचा भार लॅटिन जमीनदाराच्या उत्पन्नावर पडला आणि जमीनदार तो द्यायला तयार नव्हते. खुद्द राजाही नव्हता. 16 जानेवारी 1120 रोजी नाब्लुस येथे पॅट्रिआर्क वार्मुंड आणि बॉल्डविन दुसरा यांनी सभा भरवली. आदल्या वर्षी अँटिओकचे सैन्य ‘रक्ताच्या मैदाना’वर नामशेष झाले होते, टोळधाड आणि उंदरांनी पिके खाल्ली होती, आणि हा देवाचा कोप आहे अशी लोकांची भावना होती. सभेने 25 नियम केले. व्यभिचार, चोरी, मुसलमानांशी शरीरसंबंध असे विषय त्यांत आहेत, पण पहिले तीन नियम दशांशाचे आहेत. राजाने जेरुसलेम, नाब्लुस आणि अक्को इथले दशांश चर्चला परत केले आणि आजवर ते रोखल्याबद्दल क्षमा मागितली. पापक्षालनाच्या सभेचा आरंभ मिळकतीच्या हिशेबाने व्हावा, यात त्या काळाला काही वावगे वाटले नाही. देवाचा हिस्सा रोखणे हेच त्यांच्या लेखी पहिले पाप होते. ही नियमावली अनेक चर्चच्या दप्तरांत सहज सापडते, म्हणून मी ती उतरवत नाही, असे टायरचा विल्यम लिहितो. आज तिची एकच जुनी हस्तलिखित प्रत उरली आहे, व्हॅटिकनच्या ग्रंथालयात. बेंजामिन केदार यांनी 1999 मध्ये ती नव्याने संपादित केली.

राजा नमला, पण दशांशाचा खरा प्रतिस्पर्धी पुढेच होता: लष्करी संघ. जेरुसलेमच्या हॉस्पिटलला, म्हणजे हॉस्पिटलर संघाला, 1113 मध्ये पोप पास्कल दुसऱ्याने आपल्या थेट संरक्षणाखाली घेतले. टेम्पलर संघाला 1139 मध्ये इनोसंट दुसऱ्याने तशीच सनद दिली. 1154 च्या सनदेने हॉस्पिटलर संघाला स्वतःचे पुरोहित ठेवण्याचा अधिकार मिळाला. या सनदांचा एकत्रित परिणाम असा की दोन्ही संघ स्थानिक बिशपच्या हाताबाहेर गेले आणि त्यांच्या जमिनी बिशपच्या दशांशातून सुटल्या. संघांना गावे जितकी मिळत, तितके बिशपचे उत्पन्न घटे. किल्ले सांभाळणे सरदारांना झेपेनासे झाले तशी गावे संघांकडेच जाऊ लागली.

1150 च्या दशकातला पॅट्रिआर्क फुल्चर आणि हॉस्पिटल यांचा संघर्ष हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्याची हकिकत विल्यमने दिली आहे. हॉस्पिटलर बंधू दशांश देत नाहीत, बिशपांनी बहिष्कृत केलेल्यांना आपल्या चर्चमध्ये घेतात, धर्मविधींवर बंदी असताना घंटा वाजवतात, ही तक्रार होतीच. त्यावर त्यांनी पवित्र समाधीच्या चर्चच्या दारासमोर त्या चर्चहून उंच आणि खर्चीक इमारती उभ्या केल्या. पॅट्रिआर्क प्रवचनाला उभा राहिला की ते आपल्या घंटा इतक्या जोरात वाजवत की त्याचा आवाज कोणाला ऐकू जात नसे. एकदा ते सशस्त्र होऊन चर्चमध्ये शिरले आणि त्यांनी बाण सोडले. ते बाण गोळा करून त्यांची मोळी कॅल्व्हरीच्या जागेसमोर टांगून ठेवली होती. शंभरीला टेकलेला फुल्चर 1155 मध्ये बिशपांना घेऊन समुद्रापार गेला आणि फेरेंतिनोला पोप एड्रियन चौथ्यासमोर उभा राहिला. दिवसामागून दिवस सुनावणी झाली आणि तो हात हलवत परतला. कार्डिनलांनी लाच खाल्ली, असे विल्यम स्पष्ट लिहितो.

विल्यम स्वतः पुढे टायरचा आर्चबिशप झाला, म्हणजे तो एका पक्षाचा साक्षीदार आहे. लाचेचा आरोप आपण त्याच्या शब्दावर स्वीकारू नये. पण पोपच्या नकाराला लाचेची गरजही नव्हती. संघांना बिशपांपासून मोकळे करण्याचे धोरण रोमचेच होते. ज्या सनदा पोपनीच दिल्या त्या पोपकडूनच रद्द करून घ्यायला फुल्चर गेला होता. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेत, जिथे विल्यम हजर होता, नववा नियम या गैरवापराविरुद्ध झाला. बिशपच्या संमतीवाचून संघांनी सामान्य जनांकडून चर्च आणि दशांश घेऊ नयेत, असे त्यात ठरले. दरम्यान पूर्वेतले बिशप आपापला मार्ग शोधत होते. अमुक गावाचा अर्धा दशांश तुम्ही घ्या, अर्धा आम्ही, असे करार एकेका गावासाठी होत गेले. मला हे करारच या विषयाचा गाभा वाटतात. पोपच्या निवाड्यात तत्त्व आहे, या करारांत त्या समाजाचे प्रत्यक्ष जगणे आहे.

बिशपांचे आपसातले वादही मिळकतीचेच होते. टायरचे आर्चबिशपपद प्राचीन काळापासून अँटिओकच्या पॅट्रिआर्कखाली होते. टायर जिंकले ते 1124 मध्ये, जेरुसलेमच्या बाजूने. पास्कल दुसऱ्याने 1111 मध्ये असे कळवले होते की बॉल्डविन जी शहरे जिंकेल ती जेरुसलेमच्या चर्चखाली राहतील. अँटिओकने आक्षेप घेताच त्याला ते शब्द सौम्य करावे लागले. पुढे टायरचा आर्चबिशप म्हणून हाच फुल्चर दोन पॅट्रिआर्कांच्या कात्रीत सापडला. अखेर इनोसंट दुसऱ्याने टायरला जेरुसलेमची आज्ञा पाळायला सांगितले. पण टायरच्या अखत्यारीतली त्रिपोली, तोर्तोसा आणि जुबैल ही उत्तरेची बिशपपदे अँटिओककडेच राहिली. प्राचीन धर्मप्रांताचे असे दोन तुकडे झाले, आणि चिरा गेला तो राजकीय सीमेवरून. निवाडा रोमचा, पण सीमा आखली ती सैन्याने.

अस्कलोनची गोष्ट याहून विलक्षण आहे. 1110 मध्ये बॉल्डविन पहिल्याने बेथलेहेमला बिशपपदाचा दर्जा दिला आणि अस्कलोनचे प्राचीन बिशपपद त्याला जोडले. तेव्हा अस्कलोन इजिप्तच्या फातिमी खलिफाच्या ताब्यात होते आणि पुढची 43 वर्षे तसेच राहिले. 1153 मध्ये ते पडले, तेव्हा पॅट्रिआर्कने तिथे अब्सालोम नावाचा वेगळा बिशप नेमला. बेथलेहेमचा बिशप जेराल्ड पोपकडे दाद मागायला गेला आणि जिंकला. हाती नसलेल्या शहराचा कागद जवळजवळ अर्ध्या शतकाने कामी आला. चर्चच्या न्यायव्यवस्थेचे बळ कुठे होते ते इथे दिसते. दोन्ही पक्ष पुरोहित होते, दोघांच्याही हाती सैन्य नव्हते, म्हणून कागदाने निर्णय झाला.

आता ज्यांची जमीन आधीपासून होती त्यांच्याकडे वळू. ग्रीक ऑर्थोडॉक्स, सिरियन ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन हे ख्रिस्ती इथे शतकानुशतके राहत होते. ग्रीकांची बिशपपदे लॅटिनांनी बहुतेक ठिकाणी आपल्याकडे घेतली. सिरियन ऑर्थोडॉक्स लोक लॅटिनांच्या दृष्टीने पाखंडी, पण गंमत अशी की त्यामुळेच त्यांची धर्मव्यवस्था स्वतंत्र राहिली. त्यांच्या एका तंट्याची नोंद एका सिरियाक हस्तलिखिताच्या शेवटी 1138 मध्ये एका भिक्षूने करून ठेवली आहे. जेरुसलेमच्या मेरी मॅग्डलीनच्या मठाची बैत आरिफ आणि अदासिया ही दोन गावे होती. पहिल्या क्रुसेडच्या धामधुमीत मठातले लोक इजिप्तला गेले आणि गावे बेवारस समजून गॉफिए या फ्रँक (पश्चिम युरोपीय) सरदाराच्या हाती पडली. लवकरच गॉफिए इजिप्तच्या सैन्याच्या कैदेत पडला. परतलेल्या मठाधिपतीने राजाकडे दाद मागून गावे सोडवली. मग तीसहून अधिक वर्षांनी, सगळ्यांनी मेला असे धरलेला गॉफिए सुटून आला आणि त्याने आपली गावे परत मागितली. मठाने धाव घेतली ती राणी मेलिसेंदकडे. तिची आई आर्मेनियन होती. राणीच्या शिफारशीने मठाच्या पंथाचा महाधर्माध्यक्ष इग्नेशियस तिचा पती राजा फुल्ककडे गेला. वृद्ध गॉफिएला पैसे देऊन समेट झाला आणि गावे मठाकडे राहिली.

या हकिकतीत लॅटिन धर्मपीठ कुठेच नाही. न्याय मिळाला तो राजदरबारी, ओळखीने आणि पैसे मोजून. ख्रिस्तोफर मॅकेविट यांनी 2008 मधल्या ग्रंथात मांडलेली ‘खडबडीत सहिष्णुते’ची कल्पना अशा प्रसंगांना चपखल लागू पडते. स्थानिक ख्रिस्ती लोकांना लेखी हक्क कमी होते, पण वाटाघाटीला जागा होती. 1173 मध्ये हॉस्पिटलर संघाने गाझा आणि बैत जिब्रीनच्या ग्रीक व सिरियन लोकांचा आर्चबिशप मेलेतोस याला सेंट जॉर्जचा मठ हयातभरासाठी दिला, तोही असाच व्यवहार.

ज्यांना एवढीही जागा नव्हती ते म्हणजे जमीन कसणारे मुसलमान शेतकरी. दानपत्रांत त्यांचा उल्लेख गावाच्या झाडाझुडपांसारखा येतो: अमुक गाव, त्यातल्या कुळांसह. कोणत्याही धर्मपीठापुढे ते वादी म्हणून उभे राहिलेले दिसत नाहीत. 1184 मध्ये टायरकडे जाणारा अंदलुसियाचा प्रवासी इब्न जुबैर लिहितो की तिबनीनच्या परिसरातले मुसलमान शेतकरी पिकाचा अर्धा भाग आणि माणशी एक दिनार पाच किरात देतात आणि शेजारच्या मुसलमानी मुलुखापेक्षा बरे दिवस काढतात. ही नोंद पुष्कळदा क्रुसेडरांच्या सौम्य कारभाराचा दाखला म्हणून दिली जाते. एका प्रवाशाने एका वाटेवर पाहिलेल्या गावांवरून सबंध राज्याबद्दल निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. चर्च जमीनदार म्हणून कसे वागे हे पाहायचे तर जेरुसलेमच्या उत्तरेकडचे अल-बिरा घ्यावे. पवित्र समाधीच्या पुरोहितमंडळाने तिथे बर्गंडी, लोम्बार्दी, कॅटलोनिया अशा ठिकाणांहून आलेल्या वसाहतदारांना बसवले. 1150 च्या दशकातली त्यांच्या नावांची यादी शिल्लक आहे. हे वसाहतदार लॅटिन होते म्हणून त्यांची नावे आणि त्यांच्या शपथा दप्तरी लागल्या.

1187 मध्ये हत्तीननंतर राज्याचा बहुतेक मुलूख गेला, आणि तंट्यांचे स्वरूप पालटले. 1191 मध्ये अक्को परत जिंकले, तेव्हा जुने मालक आपल्या घरांपाशी आले तर आत क्रुसेडचे नवे सरदार बसलेले. फ्रान्सच्या फिलिपने तोड काढली: ज्याला मालकी शाबीत करता येईल त्याचे घर त्याला, पण सरदार देशात असेपर्यंत त्यांना राहायला जागा द्यायची. 1229 मध्ये सम्राट फ्रेडरिक दुसऱ्याने तहाने जेरुसलेम परत मिळवले. पॅट्रिआर्क जेरोल्डने त्याचे स्वागत केले नाही. फ्रेडरिक आधीच धर्मबहिष्कृत होता. त्यात शहर मिळाले तरी भोवतालच्या चर्चच्या जमिनी तहात आल्या नाहीत, ही जेरोल्डची कडवट तक्रार होती. 18 मार्चला फ्रेडरिकने मुकुट घातला आणि दुसऱ्याच दिवशी सीझेरियाच्या आर्चबिशपने जेरुसलेममधले धर्मविधी बंद केले. ज्या शहरासाठी युरोप ओस पडला होता, तिथेच चर्चने प्रार्थना थांबवली. यात मिळकतीचा राग किती आणि सम्राटावरचा राग किती हे वेगळे काढता येत नाही, पण पहिला दुसऱ्याहून फार लहान नव्हता.

त्यानंतर चर्चच्या जमिनी वेगाने संघांकडे सरकल्या. 1259 मध्ये नाझरेथच्या आर्चबिशपने आपली विस्तीर्ण मिळकत हॉस्पिटलर संघाला वर्षाला 14,000 बेझंट खंडाने दिली. चारच वर्षांत मामलुक सुलतान बैबर्सने नाझरेथ उद्ध्वस्त केले. पोप अलेक्झांडर चौथ्याने ताबोर डोंगरावरचा मठ आणि बेथनीचा संन्यासिनींचा मठ हॉस्पिटलर संघाला देऊन टाकले. बेथनीचा मठ 1138 मध्ये राणी मेलिसेंदने तकोआ गाव मोबदल्यात देऊन उभारला होता. संन्यासिनींनी हरकत घेतली आणि 1261 मध्ये पोप झालेल्या अर्बन चौथ्याने तो निर्णय फिरवला. अर्बन स्वतः जेरुसलेमचा पॅट्रिआर्क होऊन गेला होता. त्याला ती माणसे आणि तो मुलूख माहीत होता, आणि निवाड्यात तो फरक पडला.

जिथे चर्चचा निवाडा थेट बळासमोर उभा राहिला तिथे तो राजकारणाच्या वाऱ्यानेच फिरला. बगरास हा टेम्पलर संघाचा किल्ला 1188 मध्ये सलादिनने घेतला. तो मोकळा झाल्यावर आर्मेनियाच्या लिओने बळकावला. इनोसंट तिसऱ्याने 1211 मध्ये लिओला बहिष्कृत केले, तरी किल्ला टेम्पलरांना परत मिळाला तो 1216 मध्ये, अँटिओकच्या गादीसाठी लिओला त्यांची गरज पडली तेव्हा. अक्कोतल्या सेंट साबास मठाच्या मिळकतीवरून जेनोवा आणि व्हेनिस यांच्यात 1256 मध्ये युद्ध पेटले. दोन्ही बाजू पोपच्या पत्रांचा आधार सांगत होत्या. शहरातच दगडफेकी यंत्रे लागली आणि 1258 च्या आरमारी पराभवानंतर जेनोवाच्या लोकांना अक्को सोडावे लागले. एका मठाच्या घरांपायी राज्याचे सर्वांत मोठे बंदर पोखरले गेले.

इतिहासकारांनी या सामग्रीकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिले आहे. जोशुआ प्रॉअर यांना हा वसाहतवादी समाज दिसला, स्थानिकांपासून तुटलेला, शहरांत कोंडलेला. रॉनी एलेनब्लम यांनी 1998 मध्ये गावांचे अवशेष तपासून फ्रँक लोक पौर्वात्य ख्रिस्ती वस्तीच्या मुलखात शेती करत राहिले हे दाखवले. बर्नार्ड हॅमिल्टन यांचा 1980 चा ग्रंथ लॅटिन चर्चची संपूर्ण रचना मांडतो, पण लष्करी संघांशी झालेल्या भांडणात तो विल्यमच्या नजरेने थोडा जास्त पाहतो, असे मला वाटते. हान्स एबरहार्ड मायर यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांनी मठांची दानपत्रे एकेक करून तपासली, जोसाफाटच्या मठाच्या कागदांतली काही बनावट असल्याचे दाखवले आणि 2010 मध्ये जेरुसलेमच्या राजांचे सर्व लेख चार खंडांत प्रसिद्ध केले. बनावट कागद निरुपयोगी नसतो. मठाला आपला हक्क कुठे कच्चा वाटत होता ते तोच सांगतो.

या अभ्यासाची एक मोठी मर्यादा मात्र कोणत्याही इतिहासकाराच्या हातात नाही. हॉस्पिटलर संघाचे दप्तर पुढे मालटापर्यंत पोचले, जोसाफाटचे सिसिलीत राहिले, पवित्र समाधीच्या चर्चच्या दानपत्रांच्या नकलांचे संग्रह व्हॅटिकनमध्ये आहेत. टेम्पलरांचे पूर्वेतले दप्तर नाहीसे झाले. राज्याचे कायदे पवित्र समाधीच्या चर्चमधल्या पेटीत होते आणि 1187 मध्ये गेले, असे तेराव्या शतकातला कायदेपंडित नोव्हाराचा फिलिप सांगतो. त्यामुळे ज्यांची जहाजे वेळेत निघाली त्यांचीच बाजू आज आपल्याला विस्ताराने वाचता येते. या विषयावरचे कोणतेही पुस्तक हाती घेताना वाचकाने ते कोणाच्या दप्तरावर उभे आहे हे आधी पाहावे. दप्तरे अशी विखुरली, पण एक हक्क मात्र टिकला: बेथलेहेमच्या बिशपांना फ्रान्समधल्या नेव्हेरच्या काउंटने क्लामसी येथे एक रुग्णालय दान दिले होते. मुलूख गेल्यावर ते तिथे जाऊन राहिले, आणि बेथलेहेमचे बिशप म्हणून त्या मिळकतीवर त्यांचा ताबा फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत टिकला.